पेंग्यांच्या दुकानातली लाकडी सुरी

मी एक जुनी लाकडी सुरी आहे. मला धार नाही. धार नसलेली सुरी म्हटल्यावर तुम्हाला हसू येईल, तर हसून घ्या. आजवर पुष्कळ जण हसले आहेत. कुणी मला मोडकी पट्टी समजलं, कुणी पाठ खाजवायची काठी. एका शिपायाने तर मला डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवलं होतं. सध्या माझा मुक्काम एका शिंप्याच्या दुकानात आहे. शिवलेली कॉलर उलटवली की तिची टोकं आतून ढकलून नीट बाहेर काढायची, हे माझं काम. काम वाईट नाही. पण माझा जन्म त्यासाठी झाला नव्हता. मी पुस्तकं उघडायची सुरी आहे.

मित्रांनो, पुस्तक उघडायला सुरी कशाला, असं तुम्ही म्हणाल. तुमची पुस्तकं तिन्ही बाजूंनी कापून, गुळगुळीत होऊन हातात येतात. पूर्वी सगळीच तशी येत नसत. छापखान्यात एक मोठा कागद छापायचा, त्याच्या घडीवर घडी घालायची, अशा घड्या एकावर एक ठेवून शिवायच्या. त्या एकेका घडीला फर्मा म्हणतात. कडा कापल्या नाहीत तर पानं एकमेकांना चिकटलेलीच राहतात, काही वरून, काही बाजूने. वाचणाऱ्याने ती आपल्या हाताने सोडवत पुढे जायचं. धारदार सुरी घेतली तर ती घडी सोडते आणि थेट मजकुरात घुसते. माझ्यासारखी बोथट सुरी मात्र घडीच्या पोटातूनच सरळ जाते. म्हणजे बोथटपणा हे माझं व्यंग नाही, तो माझा गुण आहे. हे मला जन्मभर सांगत बसावं लागलं.

एका महाविद्यालयाच्या वाचनालयासाठी सुतार लांब टेबलं करत होता. त्यातून उरलेल्या तुकड्यातून त्याने मला घडवलं, घासलं, तेल पाजलं आणि ग्रंथपालांच्या लेखण्यांच्या पेल्यात नेऊन उभं केलं. ते जुने ग्रंथपाल मला पुस्तकांची सुईण म्हणत. किती कौतुक होतं माझं! नवं पुस्तक आलं की मुलं रांग लावायची. कोण किती वाचतं ते माझ्यापासून लपत नसे. अख्खं पुस्तक कोळून प्यायल्याच्या गप्पा मारणारे पहिल्या फर्म्यातच मला विसरून जात. काही बहाद्दर तर पानं न कापता त्यांची नळी करून एका डोळ्याने आत डोकावत. कोंबडीच्या खुराड्यात अंडं आहे का बघावं, तसे. मला तेव्हा त्यांची गंमत वाटायची.

मग एके दिवशी वाचनालयात ते पुस्तक आलं. जाडजूड, उशाला घेतलं तर मान अवघडेल असं. आमच्या शहराला फार पूर्वी एक पूर आला होता. वरच्या अंगाचा बंधारा फुटला आणि खालची सगळी वस्ती वाहून गेली, माणसांसकट. त्या पुराचा इतिहास एका म्हाताऱ्या गृहस्थाने उभं आयुष्य घालून लिहिला होता. एका हुशार विद्यार्थ्याने ते पहिल्यांदा घरी नेलं, मलाही बरोबर घेऊन. अंगठा माझ्या पाठीवर घट्ट दाबून धरायची त्याची सवय होती. भराभर कापत तो बरोबर मध्यापर्यंत आला, आणि तेवढ्यात त्याच्या गुरुजींनी त्याला सगळ्या पुस्तकाचा सारांश आयता लिहून दिला. चार पानी. मग कशाला कापतोय! त्याने मला तिथेच खुणेला ठेवलं, पुस्तक मिटलं आणि परत केलं. ते कपाटात गेलं आणि त्याच्याबरोबर मीही.

मित्रांनो, एका पुस्तकाच्या बरोबर मधे, एका बाजूला उघडी पानं आणि दुसऱ्या बाजूला मिटलेली, अशी मी वर्षानुवर्षं पडून होते. बाहेर काय चाललंय ते फक्त ऐकू यायचं. जुने ग्रंथपाल गेले, त्यांच्या जागी ग्रंथपालबाई आल्या. तो हुशार विद्यार्थी शिकून तिथेच इतिहासाचा शिक्षक झाला, मग विभागाचा प्रमुख झाला, सगळे त्याला मोठे सर म्हणू लागले. शेवटच्या वर्षाच्या मुलांची एक तोंडी परीक्षा असे. चिठ्ठी टाकून प्रत्येकाला एक पुस्तक द्यायचं आणि त्याने सभागृहात, घरच्या माणसांसमोर उभं राहून त्या पुस्तकात काय सिद्ध केलंय ते सांगायचं, अशी रीत. पुराचं पुस्तक ज्याच्या वाट्याला येई, तो मोठ्या सरांकडून तो चार पानी सारांश घेई, पाठ करी आणि पास होई. कपाटाचं दार मात्र कुणी उघडलं नाही. मी आत कुजले नाही एवढंच.

आणि मग धाकटी आली. तिच्या घरी तिला धाकटी म्हणतात, म्हणून मीही तसंच म्हणते. तिने कपाटातून पुस्तक काढलं, झटकलं आणि मी तिच्या मांडीवर पडले. ग्रंथपालबाईंनी मला ओळखलं नाही, पण जुन्या नोंदीत माझा उल्लेख त्यांनी वाचला होता. त्या म्हणाल्या, ही पुस्तकाबरोबरच घेऊन जा, कापायला लागेल. धाकटी जराशी कसनुशी हसली. तिचा चेहरा पाहून मला वाटलं, हिला हे पुस्तक नकोच आहे.

तसंच होतं. तिची चिठ्ठी निघाली तेव्हा वर्गात हशा पिकला होता. कारण सारांशात लिहिलं होतं की त्या रात्री बंधाऱ्यावरचा पहारेकरी झोपला, त्याने वेळेवर दरवाजे उघडले नाहीत, म्हणून बंधारा फुटला. आणि तो पहारेकरी धाकटीचा पणजोबा. पुरात तोही गेला. मागे राहिलेल्यांना गावाने नाव ठेवलं, पेंगे. खरं आडनाव कधीच पुसून गेलं. पेंग्यांचं घर, पेंग्यांचं दुकान, पेंग्यांची धाकटी. आता तिने सभागृहात उभं राहून, आपल्या तोंडाने, आपला पणजोबा झोपला आणि वस्ती बुडाली, असं सांगायचं होतं. ते सांगितलं नाही तर नापास, आणि पुन्हा एक वर्ष शिकवायला घर तयार नव्हतं.

मी तिच्याबरोबर घरी आले. पुढे दुकान, मागे दोन खोल्या. तिचे बाबा शिंपी, हात असा की टाका दिसायचा नाही. पण त्या घराची एक रीत पाहून माझा जीव गलबलला. त्या घरात दिवसा कुणी झोपत नसे. ताप आलेला असो, पाहुणा आलेला असो, जेवण जड झालेलं असो, पाठ टेकायची नाही. डोळे मिटायचे ते रात्रीच, दाराला कडी लावून. बाबांना जांभई आली तर ते मान वळवून, मापाच्या फितीआड तोंड लपवून देत. तरी गिऱ्हाइकं बोलायची ती बोलायचीच. सदरा उद्या हवाय, पेंगू नका हं, असं म्हणत हसायची. बाबाही हसायचे. ते हसू मला शिवणातल्या उसवलेल्या दोऱ्यासारखं वाटायचं.

दुपारी शिवणयंत्राच्या खडखडाटात, कापडाच्या गठ्ठ्यावर बसून धाकटी वाचायची. पुस्तक सोपं नव्हतं हो. एकेक वाक्य अर्धं पान चालायचं. मधेच तळटीप, तळटिपेत दुसऱ्या तळटिपेचा हवाला. ती एकच पान पुन्हा पुन्हा वाचायची, ओठ हलवत, बोटाने ओळ धरून. कधी वैतागून पुस्तक पालथं घालायची आणि म्हणायची, या माणसाला सरळ बोलता येत नव्हतं का? बाबांना तिची कीव आली. मिटलेली पानं पाहून त्यांनी कात्री उचलली, म्हणाले, आण इकडे, एका दमात कापून देतो. तिने पुस्तक छातीशी धरलं. कात्री समासही खाईल आणि शब्दही, हे तिला उमगलं होतं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पण आधी उघडी असलेली पानं संपवायची होती. ती वाचत वाचत मध्यापर्यंत आली आणि तिथे ते लिहिलेलं होतं. एक साक्षीदार शपथेवर सांगतो की पहारेकरी घोंगडी पांघरून घोरत होता. धाकटीने ते वाचलं. मग पुन्हा वाचलं. सारांश खोटा असेल अशी वेडी आशा तिने मनात धरली होती, ती तिथे संपली. पुढची पानं मिटलेली होती, आणि त्यांत आणखी काय काय असेल याची तिला धास्ती बसली. तिने मला खुणेच्या जागी परत ठेवलं आणि पुस्तक कापडाच्या गठ्ठ्याखाली सारलं. अगदी त्याच दोन पानांमधे, जिथे मी इतकी वर्षं होते. मला रडू येत नाही, मी लाकडाची आहे. पण तेव्हा आलं असतं.

मग तिने सारांश पाठ करायला घेतला. मोठ्याने म्हणायची, कारण सभागृहात मोठ्याने म्हणायचं होतं. बंधाऱ्याची लांबी, पावसाचं मान, सगळं घडाघडा. आणि मग, "पहारेकऱ्याच्या झोपेमुळे..." तिथे आवाज बसायचा. पुन्हा सुरुवात, पुन्हा तिथेच. एके दुपारी तिने ते वाक्य दात ओठ खाऊन पुरं केलं. त्याच क्षणी शिवणयंत्र थांबलं. बाबांनी मान वर केली नाही. पायाखालची पट्टी मात्र बराच वेळ हलली नाही. मग त्यांनी सुईत दोरा ओवला, जो आधीच ओवलेला होता, आणि पुन्हा शिवायला लागले.

धाकटी उठली. गठ्ठ्याखालचं पुस्तक ओढून काढलं, मला हातात घेतलं आणि पहिल्या मिटलेल्या घडीत घातलं. मी घाबरले होते. इतक्या वर्षांत माझं टोक वाळून ठिसूळ झालं होतं. पण हात सवयीचा असतो तसं लाकूडही असतं. सर्रर्र करत मी घडीतून गेले आणि पान उघडलं. आतला कागद पांढराशुभ्र होता, छापखान्यातून आल्यानंतर त्याने उजेड पाहिलाच नव्हता. आणि अगदी वर, पहिल्याच ओळीत, त्या म्हाताऱ्याने चक्क सरळ भाषेत लिहिलं होतं:

"येथवर लोक काय सांगतात ते सांगितले. आता मला काय आढळले ते सांगतो."

कळलं का, मित्रांनो? आपल्याकडची ही जुनी पद्धत. वाद घालायचा तर आधी समोरच्याचं म्हणणं पुरतं मांडायचं, त्याने स्वतः मांडलं असतं त्याहून चांगलं मांडायचं. त्याला पूर्वपक्ष म्हणतात. मग ते एकेक करून तपासायचं. त्या भल्या माणसाने अर्धं पुस्तक पूर्वपक्षाला दिलं होतं. आणि अर्ध्यावर थांबलेल्यांनी, उघड्या पानांवरूनच सारांश लिहिणाऱ्या गुरुजींनी आणि पुढे मोठ्या सरांनी, तोच त्याचा निकाल समजून पिढ्यान्‌पिढ्या शिकवला. ज्या म्हणण्याचा त्याला समाचार घ्यायचा होता, तेच त्याच्या नावावर खपत होतं.

त्यानंतर धाकटीला खाण्यापिण्याची शुद्ध राहिली नाही. ती कापायची, वाचायची, अडायची, मागे जायची, पुन्हा कापायची. घोरणं ऐकणारा साक्षीदार त्या रात्री शहरातच नव्हता, हे तिला सापडलं तेव्हा ती ताडकन उभी राहिली. बाबांनाही राहवलं नाही. ते रोज विचारायचे, पुढे काय म्हणतोय? जागा होता ना तो? ती म्हणायची, थांबा बाबा, अजून पानं आहेत. शेवटच्या फर्म्यात माझं टोक तुटलं. तिने तो तुकडा जपून पदराच्या गाठीला बांधला आणि उरलेल्या मला घेऊन काम पुरं केलं.

पण शेवटच्या पानावर तिला हवं होतं ते नव्हतं. म्हाताऱ्याने लिहिलं होतं की पहारेकरी झोपला होता की जागा, हे शोधूनही कळलं नाही, आणि जे कळलं नाही ते मी लिहिणार नाही. पुढे एवढंच होतं: बंधाऱ्यावर नेहमी दोन माणसं असत, आलटून पालटून. दुसऱ्याची जागा नगरसभेने आदल्या वर्षी काढून टाकली होती. पाऊस लागल्यापासून हा एकटाच तिथे होता, रात्रंदिवस. तो झोपला का, असं सगळ्यांनी विचारलं. त्याची पाळी बदलायला कुणी का आलं नाही, हे मात्र कुणीच विचारलं नाही.

परीक्षेच्या दिवशी बाबा दुकान बंद करून, कडक इस्त्रीचा सदरा घालून सभागृहात पहिल्या रांगेत बसले. मी पुस्तकात होते, पुस्तक धाकटीच्या हातात. मोठे सर मधल्या खुर्चीवर. तिने सुरुवात चांगली केली. मग ती म्हणाली, पहारेकरी झोपला हे या पुस्तकात सिद्ध केलेलं नाही. सरांनी चष्मा काढला. हे कुठे लिहिलंय, असं त्यांनी विचारलं, तिने पुस्तक त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांचा अंगठा कडेवरून फिरला. अर्ध्यापर्यंतच्या कडा पिवळ्या आणि मऊ, पुढच्या पांढऱ्या, नुकत्याच कापलेल्या, दातेरी. मग तो अंगठा माझ्या पाठीवर टेकला, तसाच घट्ट. त्यांनी मला ओळखलं, आणि मी त्यांना. ते बराच वेळ वाचत राहिले. बाजूचे परीक्षक चुळबुळ करायला लागले, तेव्हा त्यांनी पुस्तक मिटलं.

"मग तो जागा होता, असं तुझं म्हणणं आहे?" त्यांनी विचारलं.

बाबा खुर्चीच्या काठावर आले होते. धाकटीने एकदा त्यांच्याकडे पाहिलं. एक शब्द, हो, एवढाच त्यांना हवा होता. सगळ्या गावासमोर, एकदाच.

"नाही सर," ती म्हणाली. "माहीत नाही, असं या पुस्तकाचं म्हणणं आहे. तेच माझंही."

ती काठावर पास झाली, जेमतेम. आणि दुसऱ्या वर्षी काय झालं ठाऊक आहे? तो सारांश कुणाला दिला गेला नाही. नवा सारांशही कुणी लिहिला नाही. ते पुस्तकच चिठ्ठ्यांतून काढून टाकलं. पुन्हा कपाटात. मोठे सर वाचनालयात येत, त्या कपाटासमोर थोडं थांबत, आणि दुसरंच काहीतरी घेऊन जात, असं ग्रंथपालबाईंनी नंतर सांगितलं. मला मात्र बाईंनी पुस्तकाबरोबर परत घेतलं नाही. टोक तुटलेली सुरी आमच्या काय कामाची, तूच ठेव, असं म्हणून त्यांनी मला धाकटीच्या हातात दिलं.

परीक्षेहून घरी येताना कोपऱ्यावर बाबा म्हणाले, "हो म्हणायला काय जात होतं तुझं?" त्यानंतर कित्येक दिवस घरात फक्त यंत्र बोलत होतं. गिऱ्हाइकं यायची, पेंगू नका म्हणायची. बाबा आता हसत नव्हते. ती रात्री उशीत तोंड खुपसून रडायची, आणि मला वाटायचं, मी ती पानं उघडली नसती तर बरं झालं असतं का? मित्रांनो, याचं उत्तर मला तेव्हा देता आलं नसतं.

मग एका दुपारी, काज करता करता, बाबा म्हणाले, ते शेवटचं काय होतं ते वाच बघू. पुस्तक परत केलेलं होतं, पण धाकटीला ते तोंडपाठ होतं. तिने सांगितलं. एकटा होता, रात्रंदिवस. पाळी बदलायला कुणी आलं नाही. बाबांनी पुन्हा सांगायला लावलं. मग विचारलं, किती दिवस एकटा? पाऊस लागल्यापासून, ती म्हणाली. बाबांनी सुई कापडात टोचून ठेवली आणि रस्त्याकडे बघत राहिले.

"मग झोपला असेल बिचारा," ते म्हणाले. "कोण नाही झोपणार?"

त्यांनी डोळे पुसले, मापाची फीत गळ्यातून काढली, खुर्ची भिंतीला टेकवली आणि डोकं मागे ठेवलं. दार सताड उघडं. भर दुपार, रस्त्यावर वर्दळ. थोड्या वेळाने त्यांचं तोंड किंचित उघडं पडलं आणि ते चक्क घोरायला लागले. धाकटी जागची हलली नाही. तेवढ्यात एक गिऱ्हाईक सदऱ्यासाठी आलं, ते दृश्य पाहून त्याच्या तोंडावर हसू फुटलं, आणि तो नेहमीचं काहीतरी बोलणार, एवढ्यात धाकटीने मला उचलून ओठांवर आडवं धरलं.

"हळू," ती म्हणाली. "बाबा झोपलेत."

तेव्हापासून मी याच दुकानात आहे. मित्रांनो, पुस्तकांना कव्हर घाला, त्यांना वाळवीपासून जपा, पानं दुमडू नका, हे तुम्हाला सगळेच सांगतात, आणि ते खरंच आहे. पण मी ज्या पुस्तकात पडून होते ते अगदी जपलेलं होतं. डाग नाही, सुरकुती नाही, अर्धं तर कोरं करकरीत. त्याच्या त्या जपलेल्या अर्ध्यापायी एका घराने किती दुपारी डोळे ताणून काढल्या, ते मी पाहिलं आहे. म्हणून माझं एवढं ऐका. कुणाबद्दल काही ठरवायच्या आधी हातातलं पुस्तक एकदा उलटून बघा, पुढची पानं अजून मिटलेली आहेत का. असली तर सुरी मागा. टोक तुटलंय माझं, पण घडी अजून सोडवता येते.